दोन बोटं कमी

खांबावरच्या खुणेला भाच्याचं डोकं दोन बोटं कमी पडलं आणि मी गेटवरच्या मुलाशी हुज्जत घातली. मे महिन्यातली दुपार होती. खोपोलीच्या इमॅजिका पार्कात नायट्रो या रोलर कोस्टरच्या रांगेच्या तोंडाशी आम्ही उभे होतो. थोड्या थोड्या वेळाने डोक्यावरून किंकाळ्यांचा एक लोट जायचा आणि त्याच्या मागोमाग गरम वाऱ्याचा झोत. भाचा नाशिकहून खास याच राईडसाठी आला होता. महिनाभर व्हिडिओ बघून कुठल्या वळणावर हात सोडायचे, हेसुद्धा त्याने ठरवून ठेवलं होतं. गेटवरचा मुलगा बावीस-तेवीसचा असेल. मानेवर घामोळं उठलेलं, आवाज बसलेला. त्याने भाच्याला खांबाशी उभं केलं, डोक्यावर तळहात सपाट ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, हा नाही बसू शकत." मी म्हटलं, "अहो, दोन बोटांचा तर प्रश्न आहे. एवढ्याने काय होतंय?" "नाही होणार, मॅडम." मग मी केस धरून मोजायला सांगितलं, लांबून आलोय म्हणाले, एवढे पैसे भरलेत म्हणाले. जे जे बोलू नये ते सगळं बोलून झालं. तो चिडला नाही, हसलाही नाही. "बाजूला या मॅडम, मागे लाईन आहे," एवढंच म्हणाला आणि पुढच्या पोराच्या डोक्यावर त्याने हात ठेवला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, शेजारीच पाण्याची पिशवी धरून उभे होते. एक अक्षर बोलले नाहीत. परतताना गाडीत भाचा मागे रुसून झोपला होता. टोलनाक्याच्या रांगेत अण्णा एकदम म्हणाले, "त्या पोराला तू म्हणालीस, एवढ्याने काय होतंय."

"हो. मग?"

"काही नाही."

आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले. अण्णांचं 'काही नाही' ज्याने ऐकलंय त्यालाच ते काय असतं ते ठाऊक. ते मला त्या रात्री झोपताना आठवलं, दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना आठवलं आणि पुढे कितीतरी दिवस कुसळासारखं टोचत राहिलं.

अण्णांची सगळी नोकरी दौंडच्या यार्डात गेली. खातं सी अँड डब्ल्यू, म्हणजे कॅरेज अँड वॅगन. प्रवाशाला ड्रायव्हर दिसतो, टीसी दिसतो, लाल डगल्यातला हमाल दिसतो. सी अँड डब्ल्यूचा माणूस कुणाला दिसत नाही, कारण तो फलाटाच्या पलीकडच्या बाजूला उकिडवा बसलेला असतो. गाडी स्टेशनात शिरताना रुळांच्या दोन्ही बाजूंना ही माणसं अशी बसतात आणि समोरून सरकणारं एकेक चाक बघतात. काय लोंबतंय, काय घासतंय, कुठून धूर येतोय, कुठलं चाक वेगळं बोलतंय. गाडी थांबली की हातोडी घेऊन उठायचं. चाकावर टोला दिला आणि खणखणीत वाजलं तर ठीक; बद्द आवाज आला तर तिथं थांबायचं. अ‍ॅक्सल बॉक्सला हात लावायचा. तळहात नाही, हाताची मागची बाजू. अण्णा म्हणायचे की तळहात निबर झालेला असतो, तो खोटं बोलतो. तापलेला लागला तर डबा 'सिक' करायचा. रेल्वेत डबा खराब होत नाही, आजारी पडतो, आणि त्याला तोडून सिक लाईनला नेऊन उभा करतात. मग प्रवासी खाली उतरून ओरडणार, स्टेशन मास्तर फोनवर फोन करणार, कंट्रोलवाले विचारणार की किती मिनिटं. लहानपणी मी एकदा डबा घेऊन गेले होते तेव्हा एक सफारीतला माणूस अण्णांच्या अंगावर ओरडत होता, की पुण्यापर्यंत तर जायचंय, तेवढ्याने काय होणार आहे. अण्णा खडूने डब्यावर काहीतरी लिहीत होते. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

पाळण्याचंही तसंच. जत्रेत आम्ही भावंडं पाळण्यासाठी जीव टाकायचो आणि अण्णा आधी त्याला प्रदक्षिणा घालायचे. पाळणेवाला वैतागायचा, आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अण्णा प्रत्येक पेटीच्या बोल्टातली कॉटर पिन बघायचे. नट सुटून येऊ नये म्हणून त्यातून ओवून दोन्ही टोकं फाकवलेली ती सळई. फार तर करंगळीएवढी. एका वर्षी एका पेटीला पिनेच्या जागी वाकवलेला खिळा सापडला. "ओ सायेब, वीस वरसं फिरतोय ह्यो पाळणा, एका खिळ्यानं काय हुतंय?" अण्णांनी आमचे हात धरले आणि बाहेर आणलं. आईने गुडीशेव घेऊन दिली, मी ती रागाने मातीत टाकली. तो पाळणा रात्रभर फिरला. दुसऱ्या रात्रीही फिरला. कुणाला काही झालं नाही. वर्गातल्या सगळ्या पोरी त्यात बसून आल्या आणि पुढचा महिनाभर मला चिडवत राहिल्या.

हीच तर गोची आहे. काळजी घेणारा माणूस बहुतेक वेळा मूर्खच दिसतो.

त्या 'काही नाही'नंतर मी रोलर कोस्टरवर मिळेल ते वाचत सुटले. आधी फक्त त्या दोन बोटांचं कारण हवं होतं. ते सोपं निघालं. दांडी नाहीतर खांद्यावरून येणारं ते जाड कवच कमरेवर, मांड्यांवर, खांद्यांवर जिथे टेकायला हवं तिथेच टेकलं तर माणूस धरला जातो. बसणारा लहान असेल तर कवच बंद होतं, कुलूपही लागतं, दिवाही हिरवा होतो. फक्त आतल्या आत पोकळी उरते. मशीनला कुलूप लागलेलं कळतं, आतलं पोर किती आहे ते कळत नाही. म्हणून तो खांब, आणि म्हणून गाडी सुटण्याआधी प्रत्येक कवच हाताने ओढून, दाबून बघायचं. सेन्सर ओके म्हणत असतानाही. नायट्रोवर थोरल्या भाचीबरोबर मी बसले तेव्हा माझंही कवच एका मुलीने असंच दोनदा हिसडलं होतं. माझ्या तोंडाकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं. तेव्हा मला ते उद्धट वाटलं होतं. मग पायाखालची जमीन सरकली, म्हणजे खरोखरच सरकली, कारण ती बिनफळीची गाडी आहे. आणि पुढे काय झालं ते सांगण्यासारखं नाही. पाच वेळा उलटी झाले आणि सुदैवाने एकदाही उलटी झाली नाही.

वाचता वाचता लक्षात आलं की हे प्रकरण रेल्वेचंच वांड कार्टं आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात मॉक चंक नावाच्या गावी 1827 मध्ये डोंगरावरून कोळसा खाली आणायला रूळ टाकले. वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, उतारावरून आपोआप खाली यायच्या, रिकाम्या झाल्या की खेचरं त्या वर ओढायची, आणि खाली येताना खेचरांनाही एका वाघिणीत बसवून आणायचे. पुढे कोळसा दुसऱ्या वाटेने जायला लागला आणि लोक पैसे देऊन त्या उतारावर बसायला लागले. मग 1884 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसनने पाच सेंटांत बसण्याची लाकडी घसरगाडी उभी केली. हे सगळं मी अण्णांना फोनवर सांगितलं. त्यांना बाकी कशाचं नाही, खेचरांचं फार कौतुक वाटलं. "एकदा खाली बसून यायची सवय लागली की खेचर परत चालत उतरलं नसेल," म्हणाले.

गाडी चढावर जाताना जो खटखट आवाज येतो, ज्याने पोटात गोळा येतो, तो भीती घालायला मुद्दाम ठेवलेला असावा असं मी समजत होते. तो आवाज डब्याखालच्या लोखंडी जिभेचा असतो. रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी असते, जीभ एकेका दातावरून घसरून पुढच्या खाचेत पडते. गाडी वर ओढणारी साखळी तुटली तरी गाडी मागे येणार नाही, शेवटच्या दातावर अडकून बसेल. जॉन मिलर नावाच्या माणसाने याचं पेटंट 1910 च्या सुमारास घेतलं. त्यानेच पुढे 1919 मध्ये रुळाच्या खालून धरणारी चाकं आणली. आता बहुतेक राईड्सवर चाकांची तीन जातींची टोळी असते: वरून धावणारी, बाजूने धरणारी आणि खालून उचलू न देणारी. म्हणजे ज्या आवाजाला लोक किंचाळतात तोच सगळ्यात धीराचा आवाज आहे. ब्रेकचंही असंच उलटं. हवेवर चालणारे ब्रेक हवा गेली तर सुटत नाहीत, आवळतात. आपल्या रेल्वेगाडीत साखळी ओढल्यावर होतं तेच. अण्णा म्हणाले, "मग दुसरं कसं असणार?"

आणि ब्लॉक. मुंबईकरांच्या तोंडी जो रविवारचा मेगाब्लॉक आहे तो वेगळा. हा मूळचा ब्लॉक: मार्गाचे तुकडे पाडायचे आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. पूर्वी एकेरी मार्गावर ड्रायव्हरच्या हातात परवानगीचा गोळा पडल्याशिवाय गाडी पुढच्या तुकड्यात जात नसे. रोलर कोस्टरवर गोळ्याचं काम सेन्सर आणि कॉम्प्युटर करतात. पुढची गाडी तुकड्यातून बाहेर पडल्याची खूण मिळाली नाही की मागची जिथे असेल त्या ब्रेकवर नाहीतर चढावर थांबते. खाली रांगेत आपण शिट्ट्या मारतो, 'अरे चालू करा' म्हणून ओरडतो. बऱ्याचदा तेव्हा मशीन नीट चाललेलं असतं.

इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स पार्कात 2 जून 2015 ला नेमकं हेच झालं. स्माईलर नावाची राईड, माणसाला चौदा वेळा उलटं करणारी. मर्लिन या मोठ्या साखळी कंपनीचं पार्क. दुपारी राईडमध्ये काहीतरी अडलं म्हणून एक रिकामी गाडी चाचणीसाठी सोडली. वारा जोराचा होता, रिकामी गाडी हलकी. ती एका वळशावर चढू शकली नाही आणि मागे घसरून खोलगट भागात उभी राहिली. मागची, सोळा माणसांनी भरलेली गाडी कॉम्प्युटरने चढावर थांबवून धरली. पुढचा तुकडा मोकळा नाही, असं तो सांगत होता. खालच्या इंजिनियरांना अडकलेली गाडी दिसली नाही. त्यांना वाटलं, यंत्र उगीच थांबलंय. त्यांनी ते थांबणं हाताने रद्द केलं. चढावरची गाडी सुटली आणि रिकामीवर जाऊन आदळली. दोन तरुण मुलींना आपला एक एक पाय गमवावा लागला. माणसं कित्येक तास वर अडकून होती. मर्लिनने दुसऱ्या पार्कांतल्याही काही राईड्स तात्पुरत्या बंद ठेवल्या. पुढच्या वर्षी कोर्टाने कंपनीला पन्नास लाख पौंडांचा दंड केला. तपासात रुळांत दोष सापडला नाही, डब्यांत नाही, कॉम्प्युटरमध्येही नाही. दोष होता तो अशा वेळी कुणी काय तपासायचं, हे नीट आखून न दिल्याचा.

हे वाचून झाल्यावर मी लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ ओट्यापाशी नुसती उभी राहिले. त्या इंजिनियरांना मी दुष्ट मानू शकत नव्हते. खाली रांग, वर अडकलेली माणसं, आणि एक यंत्र जे दिवसभर कटकट करत होतं. एवढ्याने काय होतंय, असं त्यांच्यापैकी कुणी म्हणालं असेल की नाही कोण जाणे. मी मात्र म्हणाले होते.

राईड उघडण्याआधीच्या वेळेचे व्हिडिओ मला सगळ्यात आवडले. पार्कात अजून पोपटी कचराकुंड्यांशिवाय कुणी नाही. मेकॅनिक कमरेला दोर अडकवून चढाच्या जिन्याने वर निघालेला. साखळीवर तेल आहे का, चाकांवरचा पॉलियुरेथेनचा थर कुठे उडालाय का, नट हललाय का. नट हललेला कळायचा कसा? आवळून झाल्यावर नट आणि बोल्ट दोघांवरून रंगाची एकच रेघ ओढून ठेवतात. दुसऱ्या दिवशी रेघ मोडलेली दिसली की समजायचं. घरात कुठल्या डब्यातले लाडू कमी झाले ते कळावं म्हणून आमची आजी झाकणावर पिठाची चिमूट ठेवायची, त्याच कुळातली युक्ती. रुळांत काम करताना प्रत्येक माणूस वीजपुरवठ्याच्या बटणाला आपलं स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. चार माणसं आत असतील तर चार कुलपं. चौथा बाहेर येईपर्यंत कुणाचा साहेब आला तरी राईड चालू होत नाही. मग रिकाम्या गाड्या फिरवायच्या. सकाळी ग्रीस घट्ट असतं, चाकं गार असतात, म्हणून गाडी रेंगाळते. दुपारी तीच गाडी त्याच रुळांवर चटकन परत येते. मग कागदावर सही, आणि राईड मेकॅनिककडून चालवणाऱ्यांच्या ताब्यात. ज्या देशांत हिवाळ्यात पार्कं बंद असतात तिथे त्या महिन्यांत गाड्या पार खोलतात, रंग खरवडून अ‍ॅक्सल उघडे करतात, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा शोधायला त्यांवर चुंबक आणि लोखंडाची भुकटी वापरतात. भेग असेल तिथे भुकटी रांगोळीच्या रेघेसारखी जमते. हातोडीच्या बद्द आवाजाची ही शिकलेली नात.

इतकं सगळं असून 30 जून 2023 ला अमेरिकेतल्या कॅरोविंड्स पार्कात फ्युरी 325 या अवाढव्य राईडच्या खांबाला आरपार भेग गेलेली दिसली ती आलेल्या एका माणसाला. त्याच्या मोबाइलवरच्या व्हिडिओत, गाडी वरून जाताना खांब वरच्या बाजूला चक्क सुटा होऊन हलतो आणि परत जागेवर बसतो. भेग आधीचे काही दिवस तिथे होती, असं जुन्या फोटोंवरून नंतर समोर आलं. राईड बंद केली, खांब बदलला, पुन्हा चाचण्या घेतल्या आणि ऑगस्टमध्ये ती सुरू झाली. कुणाला इजा झाली नाही. ती बनवणारी बोलिगर अँड माबिलार्ड ही स्विस कंपनी. आमची नायट्रोही त्यांचीच. तेव्हा ते पार्क सीडर फेअर साखळीचं होतं. 2024 च्या जुलैत ती साखळी सिक्स फ्लॅग्जमध्ये मिळाली आणि बेचाळीस पार्कांचं एक घर झालं. एवढ्या मोठ्या घराचे फायदे आहेत, एका ठिकाणी चूक सापडली की तिचं पत्र सगळीकडे जातं. पण मला तो खांब आठवत राहतो. त्याच्याजवळून किती जण रोज गेले असतील. रोज बघितलं की दिसेनासं होतं. माझ्याच घरातल्या नळाखालचा ओघळ मला पाहुणे आले की दिसतो.

हा व्हिडिओ मी अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांशी नेला, तीनदा बघितला. मला वाटलं, तिथल्या लोकांना नावं ठेवतील. ते म्हणाले, "नजर चांगली असती तरी ह्यो खांब मला दिसला असता का, सांगता येत नाही. एकदा माझ्याही हातून एक डबा सुटला होता." पुढे काय झालं ते मी विचारलं. "काय नाही. मनमाडवाल्याने धरला." एवढं बोलून फोन परत दिला. अख्ख्या नोकरीबद्दलचं असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. आईलाही ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी मेलबर्नच्या लुना पार्कचं सांगितलं. तिथली लाकडी सीनिक रेल्वे 1912 पासून आहे आणि तिच्या गाडीवर आजही एक माणूस उभा राहून हाताने ब्रेक लावतो. ते खुलले. "उभा? आणि पट्टा?" मग स्वतःशीच म्हणाले, "त्याला रूळ पाठ असणार."

दिवाळीत भाचा पुन्हा आला. चप्पल काढायच्या आत दाराच्या चौकटीशी जाऊन उभा राहिला, कारण मे महिन्यातच त्याने तिथे पार्कातल्या खांबाएवढी खूण करून घेतली होती. "आत्या, पोचलो का बघ!" मी पेन्सिल घेऊन गेले. जवळजवळ पोचला होता. टाचा जमिनीपासून किंचित सुटलेल्या होत्या. मला दिसल्या, आणि मी काहीच बोलले नाही. पेन्सिल टेकवणार तेवढ्यात अण्णा आतून आले. त्यांनी पंचांगाचं पुस्तक त्याच्या डोक्यावर आडवं ठेवलं, दुसऱ्या हाताचा पंजा त्याच्या खांद्यावर ठेवून एकदा खाली दाबला. मग परत एकदा. त्याच्या तोंडाकडे त्यांचं लक्षसुद्धा नव्हतं.

"टाचा टेक," अण्णा म्हणाले आणि पेन्सिलीने रेघ ओढली. एक बोट कमी.